घडीच्या चाकूला धार किती अंशांत लावावी?

चाकू बोथट झाला की दगड काढण्याआधी एवढंच ठरवा: हा चाकू मुख्यतः कापणार काय? कोन त्यावरूनच ठरतो. खालचे आकडे एका बाजूचे आहेत.

🔹 १५ अंश: फळं, भाजी. धार अलगद शिरते, पण कडक वस्तूवर लवकर मुडपते.
🔹 २० अंश: दोरी, पुठ्ठ्याची खोकी, रोजची सटरफटर कामं.
🔹 २५ अंश: लाकूड तासणं, फांद्या छाटणं. जोर जास्त लागतो, पण धार दणकट राहते.

पोलादही बघा. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विस आर्मी चाकूचं पोलाद तुलनेनं मऊ असतं. कंपनी १५ ते २० अंश सुचवते. त्याखाली जाण्यात फायदा नाही.

कोनमापक नको, पट्टी पुरते. पातं २० मिमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण ५ मिमी उचला, की १५ अंश झाले. ७ मिमीला २० आणि ८.५ मिमीला २५.

खात्रीसाठी धारेच्या उतारावर मार्कर फासा आणि पातं दगडावर दोनदा हलकेच फिरवा.
✅ शाई पूर्ण गेली: कोन जुळला.
⬆️ फक्त पाठीकडची गेली: पाठ अजून उचला.
⬇️ फक्त अगदी कडेची गेली: पाठ खाली घ्या.

ठरत नसेल तर २० पासून सुरुवात करा. धार लवकर मुडपली तर पुढच्या वेळी कोन थोडा वाढवा. टिकते पण कापताना अडते, तर कमी करा.