विहिरीत उतरण्यापूर्वी

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेस चक्की नाका परिसरातील एका विहिरीने पाच बळी घेतले. विहीर साफ करावयास एक मजूर उतरला. तो वर येईना, म्हणून आणखी दोघे त्याच्या मागोमाग गेले. आणि त्या तिघांना काढावयास आलेल्या अग्निशमन दलाचे दोन जवानही तेथेच प्राणास मुकले. पाचही जणांना घेरले ते विहिरीतील विषारी वायूने. त्याच्या काहीच दिवस आधी डोंबिवलीच्या खंबाळपाडा भागात सांडपाण्याच्या चेंबरमध्ये तीन कामगार दगावले होते. पुढे मे २०१९ मध्ये ठाण्यातील ढोकाळी येथे एका गृहसंकुलाची सांडपाण्याची टाकी साफ करताना आणखी तिघे गेले.

अशा घटनांना 'दुर्दैवी अपघात' म्हणण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. दैवावर भार घातला की कोणासच उत्तर द्यावे लागत नाही. परंतु ज्या धोक्याचे स्वरूप ठाऊक आहे, जो मोजता येतो आणि मोजल्यास टळतो, त्याला दैव म्हणणे ही आत्मवंचना होय.

बंद जागेतील हवा कशी फसवते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. मोकळ्या हवेत प्राणवायू शेकडा २०.९ असतो, तो १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची समजतात. गाळ कुजताना निर्माण होणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. त्याला सडक्या अंड्यासारखा दर्प येतो खरा. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की घ्राणशक्तीच बधिर होते. दर्प नाहीसा झाला म्हणून मजूर निर्धास्त होतो, आणि मृत्यू नेमका त्याच क्षणी जवळ आलेला असतो. हे प्रमाण आणखी वाढले, तर एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो; हाक मारण्याचीही सवड मिळत नाही.

विहिरीत आधी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत होती. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. त्या शहाणपणाविषयी आम्हांस आदर आहे. पण दिवा सांगतो ते प्राणवायूच्या तुटीपुरते. माणूस मरेल इतक्या विषारी हवेतही ज्योत सुखाने तेवत राहते. आणि खाली मिथेन असेल, तर तीच ज्योत स्फोटास कारण होते.

आज तळहातावर मावणारे वायुमापक यंत्र मिळते. मग शिकवावयाचे ते काय, असा प्रश्न कोणी विचारील. यंत्र विकत आणता येते; ते वापरण्याची बुद्धी विकत मिळत नाही. मॅनहोलच्या तोंडाशी यंत्र धरून घेतलेल्या मापाला काडीचीही किंमत नाही. नळी सोडून वरची, मधली आणि तळाची हवा वेगवेगळी तपासावी लागते. खालची हवा नळीतून यंत्रापर्यंत पोहोचेतो थांबावे लागते. प्रथम प्राणवायू, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी वायू, हा क्रम सोडून चालत नाही. कारण प्राणवायूच अपुरा असेल, तर ज्वालाग्राही वायूचे मापही चुकते. यंत्र शुद्धीवर आहे की नाही, हे ज्ञात प्रमाणाच्या वायूवर आधी पडताळावे लागते. एकदा तपासून भागत नाही. गाळ ढवळताच अडकलेला वायू सुटतो, म्हणून काम चालू असेतो मापन चालूच राहिले पाहिजे. ही विद्या पाठांतराची नव्हे, हाताने करून पाहण्याची आहे.

या शिक्षणातील शेवटचा धडा सर्वांत कठीण आहे. सोबती कोसळला, तर त्याच्यामागे उडी घ्यावयाची नाही. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये नमूद केले होते की, बंद जागेतील मृतांपैकी शेकडा साठांहून अधिक जण दुसऱ्यास वाचवावयास गेलेले होते. चक्की नाक्यावरही पाचांपैकी चौघे असेच गेले. त्यांचे धैर्य वादातीत आहे. पण श्वसनयंत्र आणि वर धरलेला दोर यांवाचून ते धैर्य केवळ मृतांची संख्या वाढवते.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. आधी हवा तपासून सक्षम व्यक्तीने लेखी दाखला द्यावा, किंवा श्वसनयंत्र व दोर बांधून माणसास उतरवावे, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या छत्तिसाव्या कलमाने बजावले होते. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून गटारात माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. मृत्यूचे मोल वाढले. मृत्यू टाळण्याची विद्या मात्र कंत्राटदाराच्या रोजंदारी मजुरापर्यंत पोहोचली नाही.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महानगरपालिकांनी आणि औद्योगिक विकास महामंडळाने हवा तपासण्याचे प्रत्यक्ष शिक्षण घेतलेला माणूस हजर असल्यावाचून सफाईचे एकही काम सुरू होऊ देऊ नये, अशी आमची मागणी आहे. त्या माणसास काम थांबवण्याचा अधिकार असावा, आणि थांबलेल्या दिवसाची मजुरी सर्वांना मिळावी. 'नाही' म्हटल्यास ज्याची त्या दिवशीची चूल विझते, त्याला कितीही शिकवले तरी तो उतरणारच.

राहता राहिलो आपण. ढोकाळीची ती टाकी कारखान्याची नव्हती. आपल्यासारख्याच कुटुंबांच्या वस्तीतील होती. सफाईचे दरपत्रक पाहताना आपण घासाघीस करतो. सर्वांत स्वस्त कंत्राटदार निवडतो. यापुढे टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी सोसायटीच्या प्रत्येक चिटणीसाने एवढेच विचारावे: हवा कोणी तपासली, आणि आकडा काय आला? उत्तर मिळत नसेल, तर झाकण उघडू देऊ नये.