नवीन माणूस पारखायचा कसा? ऋतुराजचे पहिले ३ डाव आठवा



काउंटरवर नवीन मुलगा ठेवला, तीन दिवस झाले आणि तुम्ही वैतागलात? थांबा. आधी क्रिकेटवाले खेळाडू कसा पारखतात ते बघू.

आपल्या पुण्याचा ऋतुराज गायकवाड घ्या. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला, २०१६ मध्ये महाराष्ट्राकडून रणजी खेळला. २०१९ च्या आयपीएलसाठी चेन्नईने त्याला २० लाखांना घेतलं, म्हणजे सगळ्यात कमी बेस प्राइसला. त्या हंगामात एकही सामना मिळाला नाही. पण त्याच वर्षी बेळगावात भारत 'अ' संघाकडून त्याने नाबाद १८७ केल्या.

२०२० मध्ये संधी मिळाली. पहिले तीन डाव: ०, ५, ०. आपण असतो तर काढूनच टाकलं असतं ना? चेन्नईने पुन्हा खेळवलं. पुढचे तीन डाव: नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. २०२१ मध्ये ६३५ धावा आणि ऑरेंज कॅप!

यातून दुकानदाराने तीन गोष्टी घ्यायच्या.

१. पायऱ्या लावा. वयोगटाचे सामने, रणजी, भारत 'अ', मग आयपीएल. तसंच आधी माल ओळखणं, मग बिल, मग गर्दीतला काउंटर. पहिल्याच दिवशी सणाची गर्दी अंगावर टाकू नका.

२. मोजायला सोपं तेच मोजू नका. अमेरिकन फुटबॉलमधला टॉम ब्रेडी धावण्याच्या चाचणीत संथ ठरला, २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे ७ सुपर बोल जिंकला! मुलगा बिल हळू करत असेल, पण गिऱ्हाईक त्यालाच शोधत परत येतंय का, ते बघा.

३. मुदत आधीच ठरवा. पगार आपल्या खिशातून जातो, त्यामुळे कायम वाट बघणंही परवडत नाही. महिना म्हणालात तर महिना द्या. रोज निकाल लावू नका.

हे मी चुकून शिकलोय. नारायण पेठेतल्या माझ्या दुकानात ऐन दिवाळीत एक मुलगा ठेवला होता. दोन बिलं चुकली आणि चौथ्या दिवशी मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस." आज तो दुसऱ्याचं अख्खं दुकान एकटा सांभाळतो. आणि मी? अजून माणूस शोधतोय.

आज एक काम करा. तुमच्या नवीन माणसाच्या तीन पायऱ्या आणि मुदत वहीत लिहा, आणि त्यालाही सांगा.