सात रुग्ण, तीन डॉक्टर

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. कळमनुरीच्या एका डॉक्टरांकडे जुलाब-उलट्यांचे दोन रुग्ण आले. आखाडा बाळापूरच्या डॉक्टरांकडे तिघं आले. डोंगरकड्याला आणखी दोघं. प्रत्येक डॉक्टरांना वाटलं, ‘पावसाळाच आहे, चालायचंच!’ औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं. झालं!

पण ते सातही जण एकाच खेड्याचे, एकाच विहिरीचं पाणी पिणारे असतील तर? विहिरीकडे लक्ष जाईपर्यंत सातांचे सत्तर व्हायला कितीसा वेळ!

ही बेरीज करायची कुणी? ती करतं आरोग्य खातं. पण आकडेच कळले नाहीत, तर बेरीज होणार कशी?

मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांना मांडवी भागातल्या रुग्णांत गाठीच्या प्लेगची लक्षणं दिसली. प्लेगचं नाव काढलं, तर शहर घाबरणार! तरीही ते गप्प बसले नाहीत. सुरुवातीला पुष्कळांना पटेना. पण तपासणी झाली आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पुढं डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगनं पुष्कळ बळी घेतले, हे खरं. पण शत्रू ओळखता आला, म्हणून लढाई तरी सुरू झाली!

आपल्या देशात २००४पासून रोगांवर पाळत ठेवणारा सरकारी प्रकल्प आहे. गावातले आरोग्य कर्मचारी लक्षणं कळवतात, डॉक्टर संशय कळवतात आणि प्रयोगशाळा खात्री झालेला रोग कळवते. पूर्वी आठवड्याला कागद भरून जायचे. २०२१पासून संगणकावर रोजच्या रोज माहिती भरायची सोय झाली. क्षयरोगाचा रुग्ण तर खाजगी डॉक्टरांनीही कळवलाच पाहिजे, असा नियम २०१२पासून आहे.

मग अडतं कुठं? दवाखान्यात गर्दी, फॉर्म भरायला सवड नाही. शिवाय कळवूनही पुढं काय झालं, ते कुणी सांगत नाही! म्हणून कळवणं सोपं हवं आणि कळवणाऱ्या डॉक्टरांना उत्तरही मिळायला हवं. ‘तुमच्यामुळं विहीर सापडली,’ एवढं समजलं, तर पुढच्या वेळी ते आपणहून कळवतील.

आणि तुम्ही? डॉक्टरांकडे गेलात, की नुसतं ‘पोट दुखतंय’ म्हणू नका. ‘आमच्या गल्लीत आणखी चौघं आजारी आहेत’ हेही सांगा. बेरजेची सुरुवात तिथूनच होते!