तिसऱ्या डब्यातली ज्वारी

मागच्या वेळी आम्ही न्यूट्रिनोचं नाव घेतलं, तर वैजापूरच्या एका गटाने विचारलं, "हे असतं तरी कुठे?" सूर्याकडून येणारे सुमारे 6,500 कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. रात्रीसुद्धा, कारण त्यांना पृथ्वीही अडवत नाही.

इतका निसटता कण पकडायला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळी जपानी आणि इंग्रज सोबत्यांसह कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरली. 1965 साली तिथे हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण सापडली.

न्यूट्रिनोचे प्रकार तीन: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. वाटेत ते प्रकार बदलतात. 1998 मध्ये जपानमध्ये हे दिसलं, तेव्हा त्यांना वजन आहे हेही कळलं. गंमत अशी, की ठरावीक वजनाचा न्यूट्रिनो या तिन्हींचं मिश्रण असतो.

आपल्या पिठाच्या डब्यांवरून बघू. इलेक्ट्रॉन म्हणजे ज्वारी, म्यूऑन बाजरी, टाऊ गहू. 2002 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी एक सुबक अंदाज मांडला. पहिल्या डब्यात दोन तृतीयांश ज्वारी, उरलेल्यात बाजरी-गहू निम्मे निम्मे. दुसऱ्यात तिन्ही सारखे. तिसऱ्यात बाजरी-गहू अर्धे अर्धे, ज्वारी अजिबात नाही. आता बाजरी आणि गहू यांची अदलाबदल करा. एकाही डब्याचं माप बदलत नाही. रांगोळीची डावी बाजू उजवीकडे नेली तरी ती तशीच दिसते, तसं. यालाच सममिती म्हणतात. एवढं नेटकं माप आपोआप कसं जमेल? मागे निसर्गाचा काही नियम असणार, म्हणून कितीतरी गणितं मांडली गेली.

मग 2012 साली चीनमध्ये अणुभट्ट्यांजवळ नेमकं मोजलं, तर तिसऱ्या डब्यात शंभरात दोन भाग ज्वारी निघाली! सुबक गणितं अडली. काही सोडावी लागली, काहींना ठिगळ लावावं लागलं.

आम्हाला मात्र ही चिमूटभर ज्वारी मोलाची वाटते. जग घडताना पदार्थ आणि त्याचा उलटा जोडीदार, प्रतिपदार्थ, सारखेच असते तर दोघांनी एकमेकांना संपवलं असतं. आपण, माती, कांदा काहीच उरलं नसतं. न्यूट्रिनो आणि त्याचा जोडीदार प्रकार बदलताना वेगळे वागतात का, हे तपासायचं तर तिसऱ्या डब्यात थोडी ज्वारी लागतेच. जपानमध्ये 295 किलोमीटर दूर न्यूट्रिनो पाठवून ते मोजणं चालू आहे.