मॉर्फिन दिलं, आता श्वास मोजा

अँड्र्यू आणि रॉबर्ट. दोघंही २५ वर्षांचे, दोघांच्याही पोटाच्या ऑपरेशननंतरचा पहिलाच दिवस. किती दुखतंय, असं विचारलं तर दोघांचंही उत्तर एकच: दहापैकी आठ. पण अँड्र्यू भेटायला आलेल्यांशी हसतखिदळत बोलतोय आणि रॉबर्ट तोंड वेडंवाकडं करत निपचित पडलाय. कोणाला किती मॉर्फिन द्याल?

बेट्टी फेरेल आणि मार्गो मॅककॅफरी या दोघींनी १९८७ साली तयार केलेल्या, पुढे सुधारत नेलेल्या प्रश्नावलीतला हा प्रश्न. अनेक देशांत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर तो ठेवला गेला. अँड्र्यूच्या बाबतीत पुष्कळ जण हात आखडता घेतात. हसतोय म्हणजे फार दुखत नसणार! खरं तर दोघांनाही आधीच्या २ मिलिग्रॅमने आराम नाही, गुंगी नाही, श्वास व्यवस्थित. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या मर्यादेतला वरचा, ३ मिलिग्रॅमचा डोस दोघांनाही द्यायला हवा.

हात आखडण्यामागे व्यसनाची धास्तीही असते. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन मिळणंच अवघड झालं. २०१४मध्ये नियम सैल झाले, पण कुलूपबंद कपाट आणि वेगळं रजिस्टर पाहून शिकाऊ मुलगी बिचकणारच. माझ्या मते तिला कुलपाइतकंच ठळकपणे घड्याळाकडे पाहायला शिकवायला हवं.

कारण जीव जातो तो श्वास मंदावल्यामुळे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूचा देठ ‘श्वास घे’ असा हुकूम सोडतो. मॉर्फिन आणि त्याच्या जातकुळीतली औषधं, म्हणजे ओपिऑइड, नेमकी हीच जाणीव बोथट करतात. त्यामुळे पेशंट तडफडत नाही, गुदमरत नाही. नातेवाईक म्हणतात, “आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नका सिस्टर.” आणि सिस्टरने तेव्हाच हाक मारून बघायची असते. आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचा ऑक्सिमीटर बराच वेळ ९८ दाखवत राहतो आणि कार्बन डायऑक्साइड मात्र वाढत असतो. म्हणून छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, तेही पेशंटला न सांगता. केसपेपरवर सवयीने लिहिलेला ‘१८’ किंवा ‘२०’ हा आकडा इथे काही कामाचा नाही.

यावर उतारा नॅलोक्सोनचा. शिरेतून दिलं की दोन-तीन मिनिटांत ते ओपिऑइडला त्याच्या जागेवरून हुसकावतं. अमेरिकेत २०२३पासून त्याचा नाकातला स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. ऑपरेशनच्या पेशंटला मात्र थोडं थोडंच देतात, नाहीतर वेदनाशमनही एका झटक्यात उतरतं. शिवाय त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो. मेथाडोनसारखं ओपिऑइड किंवा सावकाश सुटणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या त्याहून कितीतरी जास्त वेळ टिकतात, त्यामुळे उठून बसलेला, पाणी मागणारा पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. ड्यूटी बदलताना नॅलोक्सोन किती वाजता दिलं, हे पुढच्या सिस्टरला तोंडी सांगायचं ते याचसाठी.