ड्राय फिल्म चिकटते उष्णतेने

घरी सर्किट बोर्ड करताना तांब्यावर बसवायची ड्राय फिल्म फोटोरेझिस्ट (अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा पातळ पापुद्रा) म्हणजे स्टिकर, असा समज सर्रास आढळतो. पण तिला वेगळा गोंद नसतो. कॉलरचे बकरम इस्त्रीने कापडाला धरते, तशी ही साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअसला मऊ होऊन दाबाखाली तांब्याला धरते. नुसत्या बोटांनी दाबलेली फिल्म नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुताना सुटते आणि दोष बिचाऱ्या सोड्याला मिळतो. बोर्ड घासून पूर्ण कोरडा करावा, आतले मऊ प्लास्टिक सोलावे, एका कडेने हवा बाहेर ढकलत फिल्म टेकवावी, मग गरम लॅमिनेटरमधून सावकाश काढावी. सारे पिवळ्या दिव्याखाली. वरचे पारदर्शक प्लास्टिक मात्र प्रकाश देऊन होईपर्यंत काढू नये. ते नसेल तर हवेतला ऑक्सिजन फिल्मला नीट घट्ट होऊ देत नाही.