माणसाळलेलं मांजर दवाखान्यात पुन्हा रानटी का होतं?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेलं, माणसाची चाहूल लागताच गाडीखाली पळणारं मांजर हळूहळू घरात येतं. दोनेक वर्षांनी ते पांघरुणात शिरून झोपायला लागतं. आणि लसीचा दिवस उजाडला की तेच मांजर फ्रीजमागे शिरतं, हात पुढे केला तर फिस्कारतं, ओरबाडतं. अशा मांजरांबद्दल बरेच समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. काही निरुपद्रवी आहेत. काहींपायी मात्र ही मांजरं वर्षानुवर्षं डॉक्टरांपर्यंत पोचत नाहीत आणि वेळेवर कळलं असतं तर बरं झालं असतं अशा दुखण्यांनी जातात.

“इतकी वर्षं घरात आहे, आता ते पक्कं घरगुती झालं,” हा त्यातला पहिला. पिल्लाचं माणसाशी नातं जुळण्याचा खरा काळ साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा. त्या दिवसांत ज्याला माणसाचे हात, आवाज, वास ओळखीचे झाले, त्याला पुढे परका माणूसही फारसा परका वाटत नाही. पार्किंगमधल्या पिल्लाचे हे आठवडे माणसावाचून गेलेले असतात. पुढे ते जीव लावतं, पण तुम्हाला, तुमच्या घराला, घरातल्या ओळखीच्या वासांना. अख्ख्या मनुष्यजातीवर त्याने विश्वास टाकलेला नसतो. दवाखान्यात थंडगार स्टीलचं टेबल, औषधांचा उग्र वास, बाहेर भुंकणारा कुत्रा आणि वरून झुकलेला अनोळखी चेहरा. ह्यातलं काहीच त्याच्या ओळखीचं नसतं, म्हणून ते लहानपणी ज्याने वाचलं तेच करतं. पळतं, आणि पळता आलं नाही तर लढतं. घरातली त्याची माया त्यामुळे खोटी ठरत नाही.

“रागीट आहे, डूख धरतं.” मांजराला असं म्हणणं मला मनापासून अन्यायाचं वाटतं. चपटे झालेले कान, काळ्याभोर मोठ्या बाहुल्या, पोटाशी ओढलेली शेपटी ही भीतीची चिन्हं आहेत. फिस्कारणं हा तर “जवळ येऊ नका” असा सरळ इशारा आहे. तो ऐकून आपण थांबलो तर नखं बाहेर येण्याची वेळ सहसा येत नाही. गप्प बसलेल्या मांजराबद्दलचा गैरसमज ह्याहून घातक. टेबलावर दगडासारखं निश्चल बसलेलं मांजर शांत आहे असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा ते भीतीने थिजलेलं असतं. गुरगुरणंही दरवेळी समाधानाचंच नसतं, दुखणाऱ्या आणि घाबरलेल्या मांजरांतही ते ऐकू येतं. आणि तोंड उघडून धापा टाकणं कुत्र्यात रोजचं असलं तरी मांजरात नाही. भीतीने किंवा उन्हाने तसं होत असेल तर त्याला लगेच थंड, शांत जागा द्यावी, आणि तरीही धाप थांबली नाही तर डॉक्टरांना तातडीने दाखवावं.

ह्या भीतीचा परिणाम तपासणीच्या आकड्यांवरही होतो. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर वाढते, रक्तदाब चढतो, नाडी जलद होते. केवळ तेवढ्या नोंदी पाहिल्या तर निरोगी मांजराला मधुमेह असावा अशी शंका येऊ शकते. त्याला शांत ठेवणं हे म्हणूनच योग्य निदानाचाही भाग आहे.

आता मानेचा प्रश्न. “मांजराला मानगुटीला धरलं की ते आपोआप गप्प होतं, आई पिल्लाला तसंच उचलते.” आई उचलते हे खरं, पण ते पिल्लू काही आठवड्यांचं असतं आणि अंग सैल सोडणं ही त्या वयाची प्रतिक्षिप्त क्रिया असते. चार किलोच्या मोठ्या मांजराला मानेच्या कातड्याने लटकवलं तर ते हलत नाही, कारण हलता येत नाही. शिवाय पूर्ण वजन त्या कातड्यावर येऊन दुखतं. अमेरिकेतली ए.ए.एफ.पी. आणि आंतरराष्ट्रीय आय.एस.एफ.एम. ह्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2022 मध्ये मांजर हाताळण्याची जी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत मानगूट धरण्याच्या विरोधात स्पष्ट भूमिका आहे. ज्याचं सगळं बालपण शिकारी प्राण्यांपासून जीव वाचवण्यात गेलं, त्याच्या मानेवर दाब येणं म्हणजे त्याच्या लेखी दातांत सापडणं. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी तो दवाखाना, तो कोट, तो वास सगळं त्याच्या लक्षात राहतं.

मग धरायचं कसं? शक्यतो धरायचंच नाही. मांजर नेण्याचा पिंजरा, म्हणजे कॅरिअर, वरून उघडणारा किंवा वरचं झाकण वेगळं होणारा घ्यावा. झाकण काढलं की मांजर खालच्या अर्ध्या भागात आपल्याच चादरीवर बसून राहतं आणि डॉक्टर तिथेच पोट चाचपू शकतात, लस टोचू शकतात. अंगावर जाडसर टॉवेल पांघरला की बहुतेक मांजरं त्याखाली लपून बसणंच पसंत करतात. कॅरिअरच्या तोंडातून मांजराला ओढून बाहेर काढणं, किंवा कॅरिअर उलटा करून झटकणं, हे प्रकार अजून पाहायला मिळतात. तसं होत असेल तर मालकाने नम्रपणे पण ठामपणे थांबवावं. डॉक्टरांना आधीच फोन करून “मांजर मूळचं बाहेरचं आहे” एवढं सांगितलं तर कुत्र्यांची गर्दी नसलेली वेळ मिळू शकते.

“कॅरिअर आधी दाखवू नये, नाहीतर लपून बसेल.” हा समज मला सगळ्यांत महागडा वाटतो, कारण भीतीचा पाया त्यातूनच घातला जातो. माळ्यावरून वर्षातून एकदा पिंजरा उतरतो आणि त्यानंतर दरवेळी टोचणंच येतं. मांजराने त्याचा तोच अर्थ लावला तर त्याचं काय चुकलं? व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये ह्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मांजरांना सहा आठवड्यांत 28 वेळा, खाऊच्या मदतीने, कॅरिअरमध्ये जाण्याची सवय लावली, तर बाकीच्यांना लावली नाही. सवय झालेल्या मांजरांत गाडीच्या प्रवासातला ताण कमी दिसला आणि त्यांची तपासणीही लवकर आटोपली.

बाहेरून आलेल्या मांजराला घाई चालत नाही, पण पद्धत तीच. कॅरिअर हॉलच्या एका कोपऱ्यात कायमचा उघडा ठेवा, दार काढूनच टाका. आत त्याची नेहमीची चादर ठेवा, धुतलेली नको, त्याच्याच वासाची. रोजच्या जेवणाची वाटी आधी कॅरिअरपाशी, मग उंबऱ्यावर, मग आत. उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा काटे काढलेला मासा चालेल, पण कांदा-लसूण लागलेलं काहीही देऊ नका, मांजरांना ते विषारी आहे. मांजर स्वतःहून आत झोपायला लागलं की दार बसवा, क्षणभर लावून उघडा. मग उचलून घरातल्या घरात फेरी, मग लिफ्टपर्यंत, मग रिक्षात बसून एका चौकापर्यंत. ते बिचकलं तर एक पायरी मागे या. कॅरिअर उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या, वरच्या मुठीला धरून पिशवीसारखा हेलकावू नका, आणि वरून सुती कापड टाका. कॅरिअर फिनेलने मात्र कधीही धुवू नका. त्यातली फिनॉल-वर्गातली रसायनं मांजराचं यकृत नीट बाहेर टाकू शकत नाही.

“औषध देऊन नेणं म्हणजे त्याला गुंगवून फसवणं.” असं म्हणणाऱ्यांची तळमळ मला कळते, पण शास्त्र त्यांच्या बाजूने नाही. गॅबापेंटिन हे माणसांच्या नसांच्या दुखण्यावरचं औषध. प्रवासाच्या दीड ते तीन तास आधी दिलं तर ते मांजराची भीती कमी करतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2017 मध्ये घरच्या मांजरांवर, आणि उत्तर कॅरोलायनातल्या संशोधकांनी 2018 मध्ये सापळ्यात धरलेल्या भटक्या मांजरांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे दिसलं. दुसरा अभ्यास आपल्या मांजरांच्या अधिक जवळचा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने प्रीगॅबालिनचं एक द्रव औषध खास ह्याच कामासाठी, म्हणजे प्रवास आणि दवाखान्याच्या भीतीसाठी, मांजरांना मंजूर केलं. ह्याउलट एसप्रोमाझिनसारखं जुनं औषध एकटं दिलं तर शरीर सुस्त होतं आणि मनातली भीती तशीच राहते.

पण औषध डॉक्टरांनी मांजराचं वजन आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहूनच ठरवावं. आपल्याकडे एक धोका विशेष आहे: औषधाच्या दुकानांत गॅबापेंटिन पुष्कळदा नॉरट्रिप्टिलीन किंवा मिथाइलकोबालामीन मिसळून मिळतं. आजोबांच्या पाकिटातली गोळी अर्धी करून देणं ह्यामुळे फार धोक्याचं आहे. क्रोसिनसारख्या पॅरासिटामॉलच्या गोळीचा तर तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो. ठरलेली मात्रा आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन पाहावी, म्हणजे ती त्याला कितपत मानवते ते कळतं. औषधाच्या दिवशी पाय लटपटू शकतात, म्हणून घरी आल्यावर जाळी नसलेली बाल्कनी बंद ठेवावी आणि उंच कपाटांवर चढू देऊ नये.

“एवढं घाबरतं, तर न नेलेलंच बरं.” हे मायेपोटी म्हटलं जातं. पण मांजर दुखणं लपवतं आणि बाहेरच्या जगात वाढलेलं मांजर ते अधिकच लपवतं. बोक्याची लघवी अडली तर तासांचा हिशेब असतो. वारंवार वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन थेंबच येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. तेव्हा कॅरिअरची ओळख नसेल तर पकडण्यातच वेळ जातो. डॉक्टरांना घरी बोलावणं काहींना मानवतं, पण ज्या मांजराला घर हीच एकमेव निर्धास्त जागा आहे, त्याच्या बाबतीत हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

पकडताना चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, रेबीजची लस विचारा. मांजराचे दात बारीक असतात आणि खोल जातात, जंतू आत राहतात, म्हणून वरून क्षुल्लक दिसणारी जखमही सुजते. आणि मांजराला दवाखान्यातून परत आणल्यावर घरात दुसरं मांजर असेल तर दोघांना काही तास वेगळ्या खोल्यांत ठेवा. दवाखान्याच्या वासाने घरचं मांजरही त्याच्यावर फिस्कारतं, आणि ते दिवसभर घाबरलेलं बिचारं आपल्याच घरातल्या माणसांपासूनही दडतं.